कल्पिताच्या यादीतली सातवी ओळ

मी एक यादी बोलतेय. यादी म्हटलं की तुम्हाला वाणसामान आठवतं, ठाऊक आहे मला. तूरडाळ, साबण, उदबत्ती. मी त्यातली नाही. मी डॉ. कल्पिता टपके हिच्या छापून आलेल्या शोधनिबंधांची यादी आहे. आधी जीवरसायनशास्त्र आणि मग मानसोपचार, अशा दोन घरांत माझा संसार झाला.

माझी एक प्रत कल्पिताच्या लॅपटॉपमध्ये असते, एक तिच्या संस्थेच्या फायलीत, आणि एक इथे वेसाव्याच्या कोळीवाड्यात, तिच्या आईच्या भिंतीवर. कागद वेगळे असले तरी मी तीच. इथे मला काचेची फ्रेम केलेली आहे. शेजारी कल्पिताच्या वडिलांचा, तुळशीदासांचा फोटो आहे. त्यांना हार घालताना तिची आई, कृष्णाबाई, माझ्याही कोपऱ्यात एक फूल खोचतात. त्या फुलाची मला लाज वाटते. का, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत झाला. जन्मले तेव्हा मी एका ओळीची होते. बोंबील इतका लवकर मऊ का पडतो, त्याच्या अंगातलं कोणतं द्रव्य हे काम करतं, यावर कल्पिताने पहिला निबंध लिहिला होता. बोंबील अर्थातच आईच्या टोपलीतले. कृष्णाबाई अंधेरीच्या मासळी बाजारात बसायच्या, अजूनही बसतात. पोरगी कॉलेजला जाताना टोपलीतले ताजे ताजे बोंबील उचलायची आणि कृष्णाबाई गिऱ्हाइकासमोरच कुरकुरायच्या, "डॉक्टर होताहोता माजा सगला म्हावरा संपवनार ही."

निबंध छापून आला तेव्हा कल्पिताने मला कागदावर उतरवलं आणि घरी नेलं. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिने हात पुसले, माझ्या एकुलत्या एका ओळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात माजा नाव कंय हाय?"

"तुझं नाव नाही गं आये. पण निबंधाच्या शेवटी आभार मानलेत. स्थानिक मासेविक्रेत्यांचे."

"म्हंजे मीच ना?"

"तूच."

तेवढ्यावर कृष्णाबाई खूश. त्या दिवशी बाजारात त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पुस्तकात आपलं नाव आलंय.

पुढे माझ्या ओळी वाढल्या. दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक ओळीत विभागप्रमुख हर्षदसरांचं नाव असायचंच. एकदा तर निबंध छापून आल्यावर सरांनी कल्पितालाच विचारलं होतं, "हे आपण कशावर लिहिलंय गं?" कल्पिताने निमूटपणे सांगितलं. अशा गोष्टी मी गिळायला शिकले. माणसं मला वाचत नाहीत हेही मला लवकरच कळलं. ती मला उलटवतात, शेवटचा आकडा बघतात आणि चेहरा जरासा बदलतात. एका परीक्षक बाईंनी तर पेनाच्या टोकाने माझ्या ओळी मोजल्या आणि तेच पेन कानात घातलं.

पण कल्पिता मला वाचायची. नवी ओळ लिहिली की वरपासून खालपर्यंत सगळी वाचायची, एखादी गृहिणी डबे पुसून पुन्हा ओळीत लावते तशी. माझ्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि मला त्याचा ताठा होता. खोटं कशाला सांगू, चांगलाच होता.

लग्न होऊन कल्पिता मुलुंडला गेली. मरोळच्या एका संस्थेत शिकवायला लागली. तिथे तिला अनुपमा भेटली. अनुपमा मानसोपचारतज्ज्ञ. मालवणकडच्या घरातली, आजोबा गिरणीत होते. स्वभावाने सरळ, तोंडाने फटकळ. दोघी कँटीनमध्ये एकाच टेबलावर बसायच्या, आणि कल्पिताच्या पिशवीत मीही.

"माझ्याकडे बायका येतात, बोलतात, हलक्या होऊन जातात," अनुपमा एकदा म्हणाली. "मला ते डोळ्यांनी दिसतं. पण दाखवू कसं? लोक म्हणतात, नुसत्या गप्पा मारायचे पैसे घेते."

"मी दाखवते ना," कल्पिता म्हणाली. "ताण आला की शरीरात एक रसायन वाढतं. कॉर्टिसॉल. ते लाळेत सापडतं. तू बोलतं कर, मी मोजते."

"कुणाला बोलतं करू?"

"माझ्या आईला. तिच्या मैत्रिणींना. आमच्या बायका दिवसभर बोलतात, पण स्वतःबद्दल एक शब्द काढत नाहीत."

अशी माझी सातवी ओळ पोटात राहिली.

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, जाळी शिवायला पसरलेली, बायकांना तेवढीच उसंत. तेव्हाच काम सुरू झालं. कृष्णाबाईंनी घरोघर जाऊन बायका गोळा केल्या. पहिल्यांदा त्यांची लाळ घ्यायची होती. सकाळी आठ वाजता, चहा न पिता, दाताला मिश्री न लावता. मिश्रीवरून केवढा गोंधळ झाला. एक म्हातारी म्हणाली, "मिशरीबिगर मना थुकी येतंच नाय." शेवटी कृष्णाबाईंनी सगळ्यांना दम भरला. "माजे पोरीचा काम हाय. गपचूप थुका."

मग अनुपमाच्या बैठका सुरू झाल्या. सुरुवातीला बायका नुसत्या हसल्या. मग एकीने दारुड्या नवऱ्याचं काढलं. दुसरीने भावांनी हिसकावलेल्या बोटीच्या वाट्याचं. कृष्णाबाई तुळशीदासांबद्दल बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ते कल्पितालाही सांगितलं नव्हतं. अनुपमा ऐकायची. उपदेश करायची नाही. बायका तिला घरची मानायला लागल्या.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, बाजार पुन्हा भरला. बैठका चालूच राहिल्या. दिवाळी झाल्यावर कल्पिताने पुन्हा लाळ घेतली. आता बायका घरी कुठून सापडणार? ती सकाळी आठला अंधेरीच्या बाजारात गेली. टोपल्यांच्या आड बसून बायकांनी नळ्या भरल्या आणि त्या नळ्या मासळीच्याच बर्फात ठेवून प्रयोगशाळेत गेल्या.

आकडे आले. सगळ्यांचं कॉर्टिसॉल उतरलं होतं. थोडंथोडकं नाही, बरंच.

माझी सातवी ओळ परदेशातल्या नियतकालिकात छापली गेली. बोलल्याने मनावरचा ताण उतरतो, आणि तो लाळेतही उतरलेला दिसतो, असा तिचा अर्थ. वर्तमानपत्रात कल्पिता आणि कृष्णाबाई यांचा एकत्र फोटो आला. कोळीवाड्याने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. एका संस्थेने अनुपमाच्या बैठकांना दुसऱ्या कोळीवाड्यांतही जागा मिळवून दिली. कल्पिताने माझी ती ओळ ठळक अक्षरांत केली. मी फुगले होते हो. आजवर बोंबील आणि कोलंबी यांच्यावर जगलेली मी, माणसांच्या सुखदुःखाची झाले होते.

दीड-दोन वर्षं अशीच गेली. संस्थेत वरची जागा निघाली. कल्पिताने अर्जासाठी माझी नवी प्रत काढली आणि दोन दिवस आईकडे राहायला म्हणून आली. मी तिच्या पिशवीत होते. दिवस पुन्हा बंदीचे होते.

सकाळी कल्पिता उठली. ऊन दारात आलं होतं आणि आई अजून झोपलेली. कल्पिताला आधी काळजी वाटली. तिने आईला हलवलं.

"आये, बरं नाही का गं? सात वाजून गेले."

"बंदी हाय ना," कृष्णाबाई कुशीवर वळत म्हणाल्या. "बाजारान जायचा नाय, मंग तीनला उठून काय करू? झोपू दे."

कल्पिता तिथेच खाली बसली. मग तिने मला पिशवीतून काढलं आणि सातव्या ओळीवर अंगठा ठेवला.

तिला काय दिसलं ते मी साधंच सांगते. माणूस जागा झाला की पाऊण तासाच्या आत हे रसायन सगळ्यात वर चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं. पहिली लाळ घेतली तेव्हा बंदी होती. बायका नुकत्या उठून नळीत थुंकल्या होत्या. दुसरी घेतली तेव्हा त्याच बायका पहाटे तीनला उठून, धक्क्यावरून मासळी घेऊन, बाजारात येऊन बसल्या होत्या. आठ वाजेपर्यंत त्यांचं केव्हाच उतरलेलं. मधे एकही बैठक झाली नसती तरी आकडे खालीच आले असते.

आई पहाटे तीनला उठते हे कल्पिताला जन्मापासून माहीत होतं. म्हणूनच ते लिहून ठेवायचं असतं असं तिला कधी वाटलं नाही. बाहेरची कुणी पोरगी हे काम करायला आली असती, तर तिने पहिल्या दिवशीच विचारलं असतं, मावशी, तुम्ही उठता किती वाजता?

चुकीचा मला राग नाही. चूक कुणाचीही होते. पुढचं ऐका.

कृष्णाबाई उठल्या, चहा ठेवला. कल्पिता साखर शोधायला फळीवर गेली तर डब्यामागे रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं. सगळी भरलेली.

"आये, गोळ्या घेत नाहीस तू?"

"कशाला घेऊ? बैठकीला जाते ना मी. तूच लिवलंस, बोल्ल्यावर उतरते म्हणून."

"अगं, ते ताणाचं. रक्तदाब वेगळा."

"उतरते तर समदाच उतरते," कृष्णाबाई म्हणाल्या आणि हसल्या. "माजी पोर बोलते ता खरा."

तेव्हाच सांगायचं होतं. मी वाट बघत होते. माझं चुकलं आये, एवढे तीन शब्द. कल्पिताने तोंड उघडलंही. मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "तरी एकदा दवाखान्यात विचारून घे."

मरोळला तिने अनुपमाला मात्र सगळं सांगितलं. अनुपमा ऐकत राहिली. तिचा समोसा तसाच राहिला.

"म्हणजे वाट लागली आपली," ती शेवटी म्हणाली. "ठीक आहे. निबंध मागे घेऊ. दोघी सही करू."

"तुझ्या बैठका बंद पडतील."

"पडू देत. लाळ चुकली असेल, बायका नाही चुकल्या. मी पुन्हा सुरू करेन. तू आजच लिही."

"मुलाखत झाली की लिहिते," कल्पिता म्हणाली. "एवढं थांब ना यार. महिन्याभराचा प्रश्न आहे."

अनुपमा थांबली. मैत्रीण होती, थांबली.

मुलाखतीत मी टेबलाच्या मधोमध होते. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "यातला कोणता निबंध तुम्हाला सगळ्यात जवळचा वाटतो?" कल्पिताचं बोट माझ्यावर आलं. पहिल्या ओळीवर आलं असतं तर मी तिला सगळं माफ केलं असतं. ते सातवीवर थांबलं. आणि ती बोलली छान. आईबद्दलही बोलली. समोरच्या बाईंचे डोळे पाणावले.

जागा मिळाली. अनुपमाने विचारलं तेव्हा कल्पिता म्हणाली, "वर्षभराने कायम करतील, तोवर थांबू या." तिची बाजूही मी समजू शकते. कोळीवाड्यातून तिथवर पोचलेली ती पहिली. सत्काराच्या दिवशी ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं, हा प्रश्न खोटा नव्हता. पण मलाही एक तोंड आहे, आणि ते तिनेच मला दिलंय.

त्याच सुमाराला कृष्णाबाईंनी मला मागून घेतलं. "ता कागद मना दे. भिंतीला लावते." कल्पिता नको म्हणू शकली नाही. मी फ्रेममध्ये गेले. माझ्या बरोबर समोर ती फळी आहे. गोळ्या मला रोज दिसतात.

मग एके दिवशी अनुपमा घरी आली. तिने फळीवरची पाकिटं पाहिली आणि तिला राहवलं नाही.

"मावशी, गोळ्या सुरू करा. आमच्या त्या निबंधात चूक झालीय. मोजणं चुकलं. बोला, जरूर बोला, पण त्याने रक्तदाब उतरेल असं धरू नका."

कृष्णाबाईंचा चेहरा कठीण झाला. "माज्या पोरीचा चुकला म्हंतेस?"

"आमचं दोघींचं चुकलं."

"चुकला असता तर ती मना बोल्ली असती."

त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. अनुपमा तिथेच, माझ्याखाली उभी होती.

"कल्पिता, ही अनुपमा आयलीय. म्हंते तुजा लिवलेला खोटा हाय. खरा काय ता सांग."

मग कल्पिताचा आवाज आला.

"तसं काही नाही गं आये. आमचं दोघींचं जरा वाजलंय. तू मनावर घेऊ नको."

"म्हंजे खरा हाय ना?"

"हो. खरं आहे. पण तू गोळी घे हं, आठवणीने."

"खरा हाय तर गोली कशाला?" कृष्णाबाईंनी फोन ठेवला. "काळजी करते पोर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग अनुपमाकडे वळल्या. "तू आता जा. आमी तुना घरची मानली होती."

अनुपमा गेली. जाताना तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नियतकालिकाला तिने एकटीने पत्र लिहिलं; कल्पिताने उत्तर पाठवलं की आकडे नीट तपासलेले आहेत. कोळीवाड्यातल्या बैठकाही बंद झाल्या. पोरीची बदनामी करणाऱ्या बाईसमोर कोण मन मोकळं करणार? मधे ती दारुड्या नवऱ्याची बायको दाराशी येऊन विचारून गेली, "ती बाय आता येनार नाय का गो?" कृष्णाबाईंनी नाही म्हटलं. ती परत गेली. बैठकांमध्ये जे खरं होतं तेही माझ्या सातव्या ओळीने खाल्लं.

परवा नारळी पौर्णिमा झाली. कल्पिता आली. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसली. ती आली म्हणून शेजारच्या बायका जमल्या, त्याच, बाजारात नळ्या भरून देणाऱ्या. कृष्णाबाई नारळीभात वाढतावाढता म्हणाल्या, "वाच गो एकदा भिंतीवरचा. समद्यांना आयकू दे."

"आये, नको. काय त्यात वाचायचं?"

"वाच. आदी दरवेळी वाचायचीस ना."

कल्पिता उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकमेकींच्या समोर आलो. पहिली ओळ तिने वाचली, बोंबलाची, आणि बायका हसल्या. मग दुसरी, तिसरी. सहावी झाली. ती जराशी थांबली आणि आठवी वाचायला लागली.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वगळलं तिने, म्हणजे लाज शिल्लक आहे. आज नाही तर उद्या सांगेल.

"मधली रायली गो," कृष्णाबाई मागून म्हणाल्या.

"कुठली?"

"आमची. बोलन्याची."

सगळ्या बायका वाट बघत होत्या. कल्पिताने सातवी ओळ वाचली. शब्दन्‌शब्द, स्पष्ट आवाजात, आणि मग त्यांना कळावं म्हणून मराठीत अर्थही सांगितला. सांगताना तिचे डोळे भरले. कृष्णाबाई उठून आल्या आणि त्यांनी आपल्या पदराने ते पुसले. त्यांना वाटलं, पोरीला अभिमान वाटला.

संध्याकाळी कल्पिता मुलुंडला गेली. मी आहे तिथेच आहे. हल्ली जिना चढताना कृष्णाबाई कठड्याला धरून उभ्या राहतात, डोकं ठणकतं म्हणतात, आणि मग माझ्याकडे बघून, आता बोलायला कुणी उरलं नाही म्हणून, माझ्याशीच बोलतात. मी ऐकते. मला उत्तर देता येत नाही. मी त्यांच्या पोरीच्या हातची आहे. पोरीने जे लिहिलं तेवढंच मला बोलता येतं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. कधी अंधेरीच्या बाजारात मासळीला गेलात तर कृष्णाबाई टपके कुठे बसतात ते विचारा. बोंबील घ्या, भावही करा, त्या चिडणार नाहीत. आणि निघताना एवढा निरोप द्या की भिंतीवरच्या यादीने सांगितलंय, सातवी ओळ खोटी आहे, आजपासून गोळी घ्या. त्या पदराला हात पुसतील, तुमच्याकडे नीट बघतील आणि विचारतील, "माज्या पोरीनं सांगितलंय का?"